सहलीत ‘नको’ नाही

४ फेब्रुवारी, रविवार

इंजिन परत आली. कायमची! दोन वर्षं दुसऱ्या शहरात लोकांचे गुडघे आणि पाठी सरळ करून झाल्यावर तिला इथल्याच इस्पितळात फिजिओथेरपिस्टची जागा मिळाली. सामान पुरतं उघडायच्या आत तिचा फोन आला, “रविवार मोकळा ठेव. बापूलाही सांग. सहल ठरवायचा पहिला नंबर तुझा.”

म्हणून आज आम्ही तिघं तळ्यावर गेलो, पायडलच्या बोटीत बसायला. दोघांनी पायडल मारायचं आणि तिसऱ्याने मागे बसून उपदेश करायचा. उपदेशाची जागा अर्थातच मी घेतली. इंजिन नावाला जागून असं पायडल मारत होती, जणू पलीकडच्या काठावर कुणीतरी बुडतंय. सुकाणू बापूच्या हातात. समोर बदक आलं की हा बोट थांबवायचा आणि म्हणायचा, “जाऊ दे त्यांना. त्यांचा रस्ता आहे.” पंधरा मिनिटांत आम्ही तळ्याचा एक कोपरा जेमतेम पाहिला. हसून हसून माझं पोट दुखलं.

बापू आमच्याच वयाचा, सत्तावीसचा. पण विसाव्या वर्षापासूनच तो छत्री, थर्मास आणि जादा रुमाल घेऊन फिरायला लागला, म्हणून बापू. पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. आज त्याने निळा शर्ट घातला होता. त्याचं वरून दुसरं बटण मूळचं नव्हतं, काळ्या दोऱ्याने लावलेलं होतं. मला बोट लागते हे त्याच्या बरोबर लक्षात होतं. त्याने खिशातून आल्याच्या गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या.

घरी आल्यावर आईने विचारलं, “कशी झाली सहल?” मी सगळं सांगितलं. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “बरं. बापूचं कळलं. आता इंजिन कशी आहे तेही सांग.”

६ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानात मंदी. लोकांना गाद्या लागत नाहीत असं नाही, पण महिनाअखेरीला ज्या पाठी दुखतात त्या पगार झाल्यावर बऱ्या होतात. एक आजोबा आले, बुटांसकट सगळ्या गाद्यांवर पालथे पडून पाहिलं आणि उशीचा अभ्रा घेऊन गेले. मालक म्हणाले, “तू बोलत नाहीस म्हणून. बोलणाऱ्याचे हुलगेही विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात.” मी बोलत नाही! हे ऐकून इंजिन हसून हसून आडवी झाली असती.

रिकामा वेळ आहे तर नियमाबद्दल लिहून ठेवते. कॉलेजात असताना आम्ही एका रविवारी बस थांब्यावर उभे राहून वाद घातला. मी म्हटलं तळं, तर बापू म्हणाला नको. तो म्हणाला बाग, तर इंजिन म्हणाली नको. ती म्हणाली सिनेमा, तर मी म्हटलं नको. अंधार पडला आणि तिघं आपापल्या घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मी नियम काढला. ज्याचा नंबर तो ठरवेल. घराचा उंबरा ओलांडल्यापासून परत घरात पाऊल टाकेपर्यंत बाकीच्या दोघांनी ‘नको’ म्हणायचं नाही. ना जागेला, ना खाण्याला, ना कशाला. म्हणेल त्याचा पुढचा नंबर गेला. नियम माझा, म्हणून मी पंच. तेव्हापासून मला त्याच नावाने हाक मारतात.

या नियमापायी बापू आकाशपाळण्यात बसला आहे आणि उतरल्यावर कचरापेटीला मिठी मारून उभा राहिला आहे. इंजिन, जिला सिग्नललाही उभं राहवत नाही, ती एका झुडपामागे अख्खी सकाळ पक्षी बघत बसली आहे. पण सात वर्षांत ‘नको’ कुणी म्हटलेलं नाही. म्हणून तर आम्ही टिकलो. बाकीचे ग्रुप बघा, कुठल्या हॉटेलात जायचं यावरून फुटले.

११ फेब्रुवारी, रविवार

इंजिनचा नंबर. स्केटिंग! बापू पहिल्याच फेरीला पडला, दुसऱ्या फेरीला पडला, तिसऱ्या फेरीला पडताना मला घेऊन पडला. इंजिनने त्याला बाकावर बसवून गुडघा वाकवून पाहिला, डॉक्टरी आवाजात “इथे? आणि इथे?” असं विचारत. बापू कानापर्यंत लाल झाला. खूप दुखत असणार बिचाऱ्याचं. मी म्हटलं, मलम लावू का? तर म्हणाला, “नाही नाही, ही बघतेय ना.”

माझं कोपर सोललं आहे. त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, पण मोठं काही नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज जे घडलं ते नीट लिहायला हवं.

बापूचा नंबर होता. त्याने आम्हाला कुठे न्यावं? जलशुद्धीकरण केंद्रात! शहराबाहेर, जिथे पाणी गाळतात. ओळखीने परवानगी काढली होती, तिघांना डोक्यावर पिवळ्या टोप्या. इंजिन माझ्या कानात म्हणाली, “लोक समुद्र दाखवतात, हा गाळ दाखवतोय.” पण ‘नको’ म्हणता येत नाही, तर चाललो. खरं सांगायचं तर मला आवडलं. मोठमोठ्या टाक्या, आत पाणी इतकं स्वच्छ की तळाची फरशी मोजावी. बापू समजावत होता, आधी तुरटी, मग गाळ खाली बसू द्यायचा, घाई केली तर पाणी गढूळच राहतं. घरी याच्या तोंडून चार शब्द निघत नाहीत, आणि तिथे नुसता धबधबा.

शेवटच्या टाकीच्या कठड्याशी तो थांबला. टोपी काढली, परत घातली. आम्ही ओळीने उभे होतो, तो, मग मी, मग इंजिन. तो म्हणाला, “आज माझा नंबर आहे म्हणून विचारतो. माझ्याशी लग्न करशील का?”

मी म्हटलं, “कोण?”

मूर्खासारखं. तो माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होता हे मला एका क्षणाने कळलं. मी पटकन बाजूला झाले. इंजिनने पाण्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “चालेल.” अगदी ‘चहा चालेल’ म्हणतात तसं.

मग सगळे हसलो. मी दोघांना मिठी मारली, टोपीवर टोपी आपटली. किती छान झालं! माझी दोन सगळ्यात जवळची माणसं, आता कुणीच कुठे जायचं नाही. मला मनापासून आनंद झाला आहे. परतीच्या बसमध्ये मी इतकी बडबड केली की कंडक्टरने वळून पाहिलं.

जेवले नाही. आनंदाने भूक जाते म्हणतात ते खरं आहे.

२० फेब्रुवारी, मंगळवार

नव्या लग्नाच्या एका जोडप्याला दोन सिंगल गाद्या विकल्या. ते डबल मागत होते. मालकांनी विचारलं, हे कसं केलंस? मलाही माहीत नाही. ते खूश आहेत, त्यांच्या मते मी आता बोलायला शिकले.

आई म्हणाली, “तुला बरं नाही का?” मी म्हटलं, मला काय झालंय? ती म्हणाली, “तेच विचारतेय.”

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दुपारी बापू दुकानात आला. लॅबमधून सुट्टी काढून! नोकरी लागल्यापासून तापातही ज्याने सुट्टी काढली नाही तो. गादीच्या कडेला बसला आणि जागा गरम व्हायच्या आत उठला. मग पुन्हा बसला. चहा मागवला तर तो तसाच ठेवून उश्यांबद्दल विचारत बसला. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची त्याची सवय जुनी आहे. शेवटी मीच म्हटलं, “बोल आता.”

“पंच,” तो म्हणाला, “ती हो म्हणाली. पण सहलीत म्हणाली.”

मला आधी कळलंच नाही.

“अगं, सहलीत ‘नको’ म्हणता येत नाही. मग ती हो म्हणाली, की नियमाप्रमाणे म्हणाली?”

नियम माझा, पंच मी, आणि त्या कठड्याशी उभी राहून ही साधी गोष्ट माझ्या लक्षात येऊ नये! म्हटलं, “अरे शहाण्या, मग सहलीत विचारलंस कशाला? जगात दुसरी जागा नव्हती?”

“दुसरीकडे मला धीर होत नाही. बाकी सगळीकडे मी मी असतो. सहलीत माझा नंबर असतो.” हे म्हणताना त्याचा चेहरा असा झाला की मला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. फिरवला नाही. गिऱ्हाईक बघत होतं.

“तिलाच विचार ना सरळ.”

“विचारलं. ती म्हणाली, ‘नियम म्हणजे नियम,’ आणि हसली. आता ते हसणं कसलं, हे कोण सांगणार?”

तो गेल्यावर मी विचार केला. आजवर या नियमाने जे काही घडवलं ते उलटी, खरचटणं आणि कंटाळा एवढंच होतं. सगळं रविवारी संध्याकाळी संपायचं. हे संपणारं नाही. इंजिन शब्दाला पक्की आहे. एकदा ‘चालेल’ म्हणाली तर ती मांडवात उभी राहील, संसार करेल, आणि पन्नास वर्षं चकार शब्द काढणार नाही. माझ्या एका पोरकट नियमापायी! आपलेच दात, आपलेच ओठ.

२५ फेब्रुवारी, रविवार

सहल रद्द. त्याऐवजी पंचाचा निकाल, दोघांनाही फोनवरून कळवला. सहलीत दिलेलं उत्तर बाद. प्रश्न पुन्हा विचारायचा, आणि असा विचारायचा की ‘नको’ म्हणायची मुभा असेल.

यात एक अडचण निघाली. नियमाप्रमाणे घराचा उंबरा ओलांडून एकमेकांना भेटायला निघालं की सहल सुरू. म्हणजे बागेत विचारलं तरी सहल, हॉटेलात विचारलं तरी सहल, तिच्या घरी जाऊन विचारलं तरी त्याची सहल. शेवटी ठरलं ते असं. पुढच्या रविवारी संध्याकाळी, फोनवर, दोघंही आपापल्या घरात. मी मध्ये नाही.

आई सगळं ऐकत होती. म्हणाली, “आणि ती नको म्हणाली तर?”

“तर नको. निदान खरं तरी कळेल.”

“हो, आणि मग तू काय करशील?”

काय करणार? बापूची समजूत काढीन. रोज भेटायला जाईन. त्याला बाहेर नेईन, एकटा सोडणार नाही. हे मी आईला सांगितलं तर तिने “काखेत कळसा” एवढंच म्हटलं आणि भाजी निवडायला लागली. चष्मा तर तिच्या नाकावरच होता. माझाही ओट्यावर दिसत होता.

२८ फेब्रुवारी, बुधवार

आज इंजिन आली दुकानात. सरळ सगळ्यात महागड्या गादीवर जाऊन आडवी पडली, छताकडे बघत. मालक धावत आले, मी खुणेनेच सांगितलं, गिऱ्हाईक नाही.

“पंच, जरा इकडे बस.”

मी बसले.

“मी आत्ता ड्युटीवरून आलेय. गादी बघायला. तुला भेटायला नाही. म्हणजे ही सहल नाही. कबूल?”

“कबूल.”

“मग तुला मला काही सांगायचंय का? आत्ता ‘नको’ म्हणायची मुभा आहे. तुलाही.”

मी म्हटलं, मला कशाला काय सांगायचं असेल! उलट तूच खरं सांग, नियमापायी हो म्हणालीस का? ती म्हणाली, “ते मी त्याला सांगेन. मी तुझं विचारतेय.” मी पुन्हा म्हटलं, माझं काय? माझी एकच काळजी आहे, की माझ्या नियमाने तुमचं वाटोळं होऊ नये. ती उठून बसली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, पेशंटचा खांदा कुठून अडतोय ते बघावं तशी.

“नीट विचार करून सांग. रविवारपर्यंत वेळ आहे.”

“अगं केला विचार. तुझं तू बघ ना, माझी पाठ कशाला तपासतेस!”

मग ती हसली, पण नेहमीसारखी नाही. जाताना माझा हात दाबला. किती घाबरली आहे बिचारी. लग्न म्हणजे सोपं नाही. तिला धीर यावा म्हणून मी तिला जाता जाता बापूचे सगळे गुण सांगितले. तो कधी आवाज चढवत नाही, दुसऱ्याचं लक्षात ठेवतो, पडला तरी पुन्हा उठून फेरी मारतो, त्याच्या हातचा चहा, त्याचं ते गळ्यातल्या गळ्यात हसणं. दाराशी उभी राहून बरंच बोलले. ती म्हणाली, “हो, पंच. कळलं मला.”

३ मार्च, रविवार

सकाळपासून पंखे पुसले. तीन पंखे आहेत, तिन्ही दोनदा पुसले. मग गच्चीवरून कपडे आणले, घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. आई म्हणाली, “परीक्षा त्यांची आहे ना?” मी म्हटलं, पंचाला काळजी असतेच.

दिवेलागणीला फोन वाजला. इंजिन.

“झालं,” ती म्हणाली. “विचारलं त्याने. कागदावर लिहून काढलं होतं बहुतेक, वाचत होता. आणि पंच, ऐक, मी ‘नको’ म्हणाले.”

मला जे झालं ते असं होतं की मी खुर्चीतून उठले. हातातली उशी खाली पडली. अंगभर, टाळूपासून तळव्यापर्यंत, आनंद. असा आनंद मला त्या टाक्यांपाशी झाला नव्हता. ज्याला मी दोन आठवडे आनंद म्हणत होते, तो हा नव्हताच. हा होता.

“सात वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं ना,” इंजिन पुढे बोलत होती. “म्हटलं, एकदा म्हणून तर बघू कसं वाटतं. तिकडे त्याच्या हातून थर्मास पडला, मला आवाज आला. मग म्हणाले, ‘आता हो. नियमाशिवाय हो.’ अगं, रडायला लागला तो. ऐकतेयस ना? पंच?”

“ऐकतेय,” मी म्हटलं. “छान झालं. फार छान झालं.”

फोन ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी जाऊन तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडले, चांगली नाक गळेपर्यंत. तिने गॅस बंद केला, एवढंच.

मला बापू आवडतो. आल्याच्या गोळ्या दिल्या तेव्हापासून नाही, त्याच्या कितीतरी आधीपासून. कचरापेटीला मिठी मारून उभा होता आणि मी त्याच्या मानेवर पाणी शिंपडत होते, बहुधा तेव्हापासून. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सगळं दिसतं आणि आपल्याला ऐन वेळी दिसू नये, याला काय म्हणावं? मैत्रिणीचं लग्न मोडल्याचं ऐकून नाचावंसं वाटलं, अशी मी. याची लाजही वाटते आणि ते खोटंही म्हणवत नाही.

५ मार्च, मंगळवार

काही नाही. तीन उशा विकल्या.

१६ मार्च, शनिवार

ते दोघं आले दुकानात, गादी घ्यायला. दुसरीकडून कशी घेणार, पंचाच्या दुकानाचा अपमान झाला असता!

मी माझं काम चोख केलं. बूट काढायला लावले, दोघांना शेजारी शेजारी आडवं पाडलं. बापू हात पोटावर ठेवून असा ताठ पडला की मालकांनी मान वळवून हसू लपवलं. मी म्हटलं, कूस बदला, एक हलला की दुसऱ्याला कळतं का बघा. कापसाची नको, दबते. नुसता फोमही नको, तुला उकडतं, बापू. ही घ्या, मधून घट्ट, वरून मऊ. त्याचा डावा खांदा दुखतो, त्याला डावीकडे झोपवू नकोस, इंजिन. एवढं सगळं मी सांगितलं, हसत हसत. माझ्या आवाजात काही नव्हतं. मला स्वतःचा अभिमान वाटला.

बापू टेम्पोवाल्याशी बोलायला बाहेर गेला. गादी दोरीने बांधायची की पट्ट्याने, यावर तो कितीही वेळ बोलू शकतो. इंजिन मागे राहिली. एकदम तिने मला जवळ घेतलं. घट्ट, तिच्या त्या गुडघे सरळ करणाऱ्या हातांनी.

“मला माहीत आहे,” ती माझ्या केसांत म्हणाली. “मला आधीपासून माहीत होतं. म्हणून तर आले होते त्या दिवशी. तू एक शब्द बोलली असतीस ना, मी थांबले असते, देवाशप्पथ. पण तू उलट दाराशी उभी राहून त्याचे गुण सांगितलेस. मला रस्ताभर रडू येत होतं. माझ्यासाठी इतकं कुणी केलेलं नाही, पंच. मी जन्मात विसरणार नाही.”

मी तोंड उघडलं. अगं, त्याग कसला, मला तेव्हा ठाऊकच नव्हतं! ठाऊक असतं तर मी केलं असतं का? त्या गादीवर लोळून, पाय आपटून म्हटलं असतं, नको, नको, नको. हे सगळं ओठांपर्यंत आलं. ती रडत होती आणि माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी कुणीतरी फार मोठी असावी. बाहेर बापू टेम्पोवाल्याला म्हणत होता, “हळू, कोपरा जपून.”

“जाऊ दे गं,” मी म्हटलं. “त्यात काय एवढं.”

ती डोळे पुसून गेली. टेम्पो वळेपर्यंत दोघांनी हात हलवला, मीही हलवला. मालकांनी बिल फाडून खिळ्याला लावलं आणि म्हणाले, चांगली विक्री झाली.

न केलेल्या त्यागाची वाहवा घेऊन बसले आहे. आता तो खरंच करावा लागणार, रोज थोडा थोडा. दुसरा काही उपाय दिसत नाही.